सरकारने शंभर खर्चले, उत्पादन कितीने वाढले?

सरकारी खर्चावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘या कामावर एक घातला की अर्थव्यवस्थेत अडीच परत येतात.’ या ‘अडीच’ला राजकोषीय गुणक म्हणतात. तो इतक्या ठामपणे सांगितला जातो की पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा कायमचा ठरलेला आकडा वाटावा. (उत्कलनबिंदूही हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, ते असो.) प्रत्यक्षात तोच रस्ता, तेवढ्याच पैशात, मंदीत बांधला तर गुणक एक येतो आणि तेजीत बांधला तर दुसराच. गुणक खर्चाच्या अंगी नसतो, परिस्थितीच्या अंगी असतो. म्हणून गुणक किती हे विचारण्याआधी तो कशाने वाढतो आणि कशाने घटतो, हे पाहायला हवे.

व्याख्या सोपी आहे. सरकारने खर्च वाढवल्यामुळे देशाच्या एकूण उत्पादनात, म्हणजे जीडीपीत, जी वाढ झाली तिला खर्चातल्या वाढीने भागायचे. खर्च १०० कोटींनी वाढला आणि त्यामुळे जीडीपी १५० कोटींनी वाढली, तर गुणक १.५. ६० कोटींनी वाढली, तर ०.६.

इथे १ ही रेषा महत्त्वाची आहे. सरकारने वस्तू आणि सेवा विकत घेतल्या की ती खरेदी जीडीपीतच मोजली जाते. त्यामुळे गुणक बरोबर १ आला, तर सरकारची खरेदी तेवढी वाढली आणि बाकीची अर्थव्यवस्था होती तिथेच राहिली. १.५ आला, तर खासगी व्यवहारही ५० कोटींनी वाढले. ०.६ आला, तर सरकारच्या १०० कोटींनी ४० कोटींचे खासगी व्यवहार मागे सारले. म्हणजे ‘गुणक शून्याच्या वर आहे ना, मग झाले’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. पण १ च्या खालचा गुणक म्हणजे पैसा वाया गेला, असेही नाही. रोगप्रतिबंधक लस टोचली तर आजार टळतो, आणि टळलेला आजार त्या वर्षीच्या जीडीपीत दिसेलच असे नाही. काम करण्याजोगे होते का हा एक प्रश्न, त्याने यंदा मागणी किती वाढली हा दुसरा.

पैशाच्या फेऱ्या आणि तीन गळत्या

ही कल्पना नीट मांडली रिचर्ड कान या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने, १९३१ मध्ये. त्याचा प्रश्न रोजगाराचा होता: सार्वजनिक कामावर काही माणसे लावली, तर त्यांच्या खर्चामुळे इतरत्र आणखी किती जणांना काम मिळेल? १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्सने हीच कल्पना उत्पन्नाला लावली.

सरकारने १०० कोटींचे काम दिले. ते मजुरी, पगार, साहित्याची किंमत आणि नफा या रूपांत कुणाचे तरी उत्पन्न झाले. त्यातला काही भाग ते लोक खर्च करतात, तो आणखी कुणाचे तरी उत्पन्न होतो, आणि असे पुढे चालू राहते. प्रत्येक फेरीत थोडा पैसा गळतो. गळण्याच्या वाटा तीन: कर, बचत आणि आयात.

आकडे घालून पाहू. वाढीव उत्पन्नावर २० टक्के कर, हाती उरलेल्याच्या ८० टक्के खर्च, आणि त्या खर्चातला २५ टक्के माल परदेशी, असे धरू. १०० मधून २० कर गेला, ८० उरले. त्यातले १६ बचतीत गेले, ६४ खर्च झाले. त्यातले १६ आयातीला गेले. देशात फिरायला उरले ४८. दुसऱ्या फेरीत या ४८ चे असेच ४८ टक्के, म्हणजे २३, पुढे जातात. मग ११, मग ५. पाच फेऱ्यांची बेरीज १८७ च्या आसपास भरते आणि अनंत फेऱ्यांची १९२. सूत्र असे: १ भागिले (१ वजा देशात पुन्हा खर्च होणारा वाटा), म्हणजे १ भागिले ०.५२, बरोबर १.९२.

कर आणि आयात विसरून फक्त बचतीची गळती धरली, तर हाच गुणक १ भागिले ०.२, म्हणजे ५ येतो. प्राथमिक पाठात हे ५ चे उदाहरण देतात आणि बहुतेकांच्या डोक्यात तेच राहते. खऱ्या अर्थव्यवस्थेत इतका गुणक कुठे सापडत नाही.

शिवाय पहिल्याच घासाला काय होते ते पाहावे लागते. १०० कोटींपैकी ३० कोटींची यंत्रे बाहेरून आली, तर देशातली पहिली फेरी ७० चीच असते आणि एकूण परिणाम १३५ पर्यंत उतरतो. ७० कोटींचे साहित्य आयात केले, तर ५८. सगळी रक्कम परदेशी विमानांच्या खरेदीत गेली, तर देशातल्या मागणीत वाढ जवळजवळ शून्य. फेऱ्या सुरू होतात त्या दुसऱ्या देशात. लहान अर्थव्यवस्थेच्या आणि व्यापाराला मोकळ्या देशांचा गुणक कमी असतो, त्याचे मुख्य कारण हेच.

पैसा कुणाच्या हाती पडतो

रस्ता बांधणे ही खरेदी झाली. पेन्शन, शिष्यवृत्ती, रोख मदत यांना हस्तांतरण म्हणतात. हस्तांतरणात सरकार काही विकत घेत नाही, त्यामुळे ती रक्कम स्वतः जीडीपीत मोजली जात नाही. घेणाऱ्याने ती खर्च केली की पहिली फेरी सुरू होते. १ ची रेषाही इथे तशीच लागू होत नाही.

वरच्याच अर्थव्यवस्थेत १०० कोटी करमुक्त रोख मदत वाटली, तर सरासरी कुटुंबे ८० खर्च करतील, त्यातले ६० देशी मालावर. ६० गुणिले १.९२ म्हणजे ११५. हीच मदत हातावर पोट असलेल्या कुटुंबांना दिली आणि त्यांनी ९५ टक्के खर्च केले, तर १३७. सुखवस्तू कुटुंबांना दिली आणि त्यांनी ३० टक्केच खर्च केले, तर ४३. रक्कम तीच, अर्थव्यवस्था तीच. फक्त पत्ते बदलले.

माणसे खरोखर किती खर्च करतात, हे तपासण्याची एक छान संधी अमेरिकेत २००१ मध्ये मिळाली. बहुतेक घरांना ३०० किंवा ६०० डॉलरचा करपरतावा धनादेशाने पाठवला गेला. सगळे धनादेश एकदम पाठवणे शक्य नसल्याने कुणाला कोणत्या आठवड्यात मिळेल हे सामाजिक सुरक्षा क्रमांकातल्या शेवटून दुसऱ्या अंकावर ठरले. हा अंक नशिबाने मिळतो. श्रीमंती-गरिबीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे लवकर मिळालेल्या आणि उशिरा मिळालेल्या घरांची थेट तुलना करता आली. पहिल्या तीन महिन्यांत परताव्याचा २० ते ४० टक्के भाग रोजच्या वापराच्या वस्तू-सेवांवर गेल्याचे दिसले, आणि कमी उत्पन्नाच्या व हाताशी शिल्लक कमी असलेल्या घरांत प्रतिसाद मोठा होता.

करकपातीचा हिशेब हस्तांतरणासारखाच असतो, निदान पहिल्या फेरीपुरता. यातूनच एक निष्कर्ष निघतो जो पहिल्यांदा ऐकताना चुकीचा वाटतो: सरकारने १०० कोटी जास्त खर्च केले आणि तेवढाच कर जास्त घेतला, तूट एका पैशाने वाढली नाही, तरी उत्पादन वाढू शकते. खर्चाने १९२ वाढले, करामुळे ११५ घटले, निव्वळ ७७ वाढले. कारण सरकार १०० च्या १०० खर्च करते, आणि ते १०० लोकांकडेच राहते तर त्यातला काही भाग बचतीत आणि आयातीत गेला असता. अगदी साध्या, बंद (परदेशी व्यापार नसलेल्या) अर्थव्यवस्थेच्या प्रतिमानात, म्हणजे गणिती मांडणीत, हा संतुलित गुणक बरोबर १ येतो. नॉर्वेच्या ट्रिग्वे हावेल्मो यांनी १९४५ मध्ये ते दाखवले.

रिकामे हात आहेत का?

आतापर्यंतच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली: मागणी वाढली की माल वाढतो. त्यासाठी बेकार कामगार हवेत, अर्ध्या दिवसावर चालणारे कारखाने हवेत, पडून असलेली यंत्रे हवीत. ती असतील तर नवी मागणी नवे उत्पादन काढून घेते. नसतील तर सरकार आणि खासगी बांधकाम व्यावसायिक त्याच सिमेंटसाठी, त्याच गवंड्यासाठी बोली लावतात. सिमेंट महागते, गवंड्याची मजुरी चढते, एका कामावरची माणसे दुसऱ्या कामावर जातात. रुपयांत, डॉलरांत, कोणत्याही चलनात मोजलेले उत्पन्न वाढते; उत्पादन वाढत नाही. गुणक नेहमी महागाई वजा करून मोजायचा असतो, तो यासाठी. कुणी नुसत्या रकमांचा गुणक सांगत असेल, तर त्यात किमतींची वाढ लपलेली असते.

मंदीत गुणक मोठा आणि तेजीत लहान, हे तर्काला पटते. आकड्यांत मात्र ते तितके स्वच्छ दिसत नाही, आणि इथे जाणकारांत खरा मतभेद आहे. अमेरिकेच्या आकड्यांवर ऑयरबाख आणि गोरोड्निचेंको यांनी २०१२ मध्ये तेजीत ० ते ०.५ आणि मंदीत १ ते १.५ असा गुणक काढला. रेमी आणि झुबैरी यांनी २०१८ मध्ये १८८९ पासूनची आकडेवारी घेतली आणि बेकारी जास्त असो वा कमी, गुणक बहुतेक वेळा १ च्या खालीच आढळला. दोन्ही अभ्यास गंभीर आहेत. मंदी म्हणजे नेमके काय, ती किती काळ टिकते असे धरायचे, युद्धकाळाचे आकडे घ्यायचे की नाही, एवढ्यावरून निकाल फिरतो.

गरीब देशांबद्दलची दोन उत्तरे शेजारी ठेवली तर परिस्थितीचे वजन आणखी नीट कळते. आर्ट क्रे यांनी २०१२ मध्ये प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या २९ देशांत जागतिक बँकेच्या कर्जावर झालेला खर्च तपासला, गुणक ०.५ च्या आसपास निघाला. दुसरीकडे केनियाच्या ग्रामीण भागात ६५३ गावांतल्या १०,५०० हून अधिक गरीब कुटुंबांना सुमारे १,००० डॉलर एकरकमी दिले गेले. तिथला स्थानिक गुणक जवळपास अडीच निघाला आणि किमती जेमतेम हलल्या. लहान दुकाने, गिरण्या, कारागीर यांच्याकडे वेळ आणि यंत्रे रिकामी होती, गिऱ्हाईक आल्यावर त्यांनी तेवढ्याच साधनांत जास्त काम केले. शिवाय तो पैसा बाहेरच्या देणगीचा होता, त्याची परतफेड त्या गावांना करायची नव्हती. हा अडीच उचलून राष्ट्रीय बजेटच्या भाषणात घालणे म्हणजे रोपवाटिकेतल्या उगवणीवरून उघड्या शेताचे पीक मोजणे.

मध्यवर्ती बँक ब्रेकवर पाय ठेवते का?

माझ्या मते चर्चेत सगळ्यात कमी आणि परिणामात सगळ्यात जास्त वजनाची गोष्ट हीच. सरकारने मागणी वाढवली आणि महागाई डोके वर काढेल असे मध्यवर्ती बँकेला वाटले, तर ती व्याजदर वाढवते. घरकर्ज, वाहनकर्ज, कारखान्याचे कर्ज महागते आणि खासगी गुंतवणूक मागे सरते. बँकेने पुरेसा जोर लावला तर ती सरकारी खर्चाचा सगळा परिणाम पुसू शकते. म्हणजे सामान्य काळात गुणक किती, हे बऱ्याच अंशी मध्यवर्ती बँकच ठरवते.

व्याजदर शून्यापाशी टेकलेला असला की चित्र बदलते. डिसेंबर २००८ ते डिसेंबर २०१५ अमेरिकेचा धोरणदर, म्हणजे मध्यवर्ती बँक ठरवते तो मूळ व्याजदर, ० ते ०.२५ टक्के होता. अर्थव्यवस्था इतकी खचलेली होती की बँकेला दर आणखी खाली न्यायचा होता आणि नेता येत नव्हता. अशा वेळी सरकारी खर्चाने थोडी महागाई वाढली तरी दर चढत नाही, उलट महागाई वजा जाता खरा व्याजदर घटतो आणि कर्ज घेणे स्वस्त पडते. सैद्धांतिक प्रतिमानांत या अवस्थेतला गुणक १ च्या बराच वर जातो.

विनिमय दराचा मार्गही व्याजदरातूनच जातो. चलन मोकळे सोडलेले असेल, तर वाढलेला व्याजदर परदेशी भांडवल ओढतो, चलन वधारते, निर्यात महाग आणि आयात स्वस्त होते. सरकारने दिलेली मागणी निर्यातदाराच्या खिशातून निघून जाते. चलनाचा दर बांधलेला असेल, तर तो सांभाळायला मध्यवर्ती बँकेला पैशाचा पुरवठा वाढवावा लागतो, त्यामुळे व्याजदर चढत नाही. ४४ देशांच्या तिमाही आकड्यांवर इल्झेत्स्की, मेंडोझा आणि वेग यांनी २०१३ मध्ये हेच दाखवले: बांधलेल्या दराच्या देशांत गुणक बऱ्यापैकी मोठा, मोकळ्या दराच्या देशांत शून्याच्या जवळ. ज्या देशांवर आधीच मोठे कर्ज होते, तिथेही तो शून्यापर्यंत घसरलेला होता.

कर्जाचा मुद्दा लोकांच्या अंदाजापर्यंत जातो. रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा: आजचे सरकारी कर्ज म्हणजे उद्याचा कर. हे ओळखून लोक आजच बचत वाढवतील, आणि तुटीतून केलेल्या करकपातीचा परिणाम उडून जाईल. हे पूर्ण खरे ठरायला लोकांना दूरचे दिसायला हवे, त्यांना हवे तेव्हा कर्ज मिळायला हवे आणि मुलाबाळांच्या डोक्यावरचा करही आपलाच वाटायला हवा. महिनाअखेर ज्यांच्या खात्यात काहीच उरत नाही त्यांना उद्याच्या करासाठी आज बाजूला टाकायला काही नसते. म्हणून प्रत्यक्षात हा परिणाम अर्धामुर्धा दिसतो. कर्जदात्यांचा सरकारवरचा विश्वास डळमळलेला असला की मात्र तो जोरात दिसतो, कारण तिथे नव्या तुटीबरोबर रोख्यांचे व्याजच चढते.

मोजायचे कसे?

मंदी आली की सरकारे खर्च वाढवतात. खर्चाचा आणि जीडीपीचा आलेख शेजारी ठेवला तर खर्च वाढला तेव्हा जीडीपी घटलेली दिसेल. यावरून खर्चाने मंदी आली म्हणणे हे डॉक्टर येतात तिथे आजारी माणसे सापडतात, म्हणून डॉक्टरने आजार आणला म्हणण्यासारखे आहे. म्हणून अभ्यासकांना असा खर्च शोधावा लागतो जो अर्थव्यवस्थेच्या तब्येतीमुळे वाढलेला नाही. अमेरिकेच्या अभ्यासांत लष्करी खर्च इतका का येतो, याचे उत्तर यात आहे: युद्धे मंदी पाहून सुरू होत नाहीत. क्रे यांनी वापरलेली युक्तीही अशीच होती. जागतिक बँकेचा प्रकल्प मंजूर होऊन पैसा खर्ची पडायला काही वर्षे लागतात, त्यामुळे यंदाच्या खर्चाचा बराचसा भाग यंदाची परिस्थिती माहीत नसतानाच ठरलेला असतो.

यातही एक खाच आहे. कंत्राट जाहीर झाले की कंपन्या पैसा हाती येण्याआधीच माणसे घेतात, कच्चा माल साठवतात. खर्चाची तारीख पैसा सुटल्यापासून धरली, तर परिणामाचा पहिला भाग मोजमापातून निसटतो. व्हॅलरी रेमी यांनी जुन्या बातम्यांतून लष्करी खर्चाची घोषणा केव्हा झाली याची मालिका तयार केली, ती यासाठी.

मग येतो काळाचा प्रश्न. समजा खर्च पहिल्या वर्षी १०० ने आणि दुसऱ्या वर्षी ६० ने वाढला, तिसऱ्या वर्षी वाढ नाही. उत्पादन या तीन वर्षांत ८०, ९० आणि ३० ने वाढले. पहिल्या वर्षाचा गुणक ०.८. सर्वोच्च वाढीला पहिल्या वर्षाच्या खर्चाने भागले तर ०.९. एकूण वाढ २००, एकूण खर्च १६०, म्हणून संचयी गुणक १.२५. तिन्ही आकडे एकाच घटनेचे आहेत आणि तिन्ही ‘गुणक’ या नावाने छापले जातात. धोरणासाठी संचयी गुणक सगळ्यात प्रामाणिक, कारण त्यात पूर्ण परिणामाला पूर्ण खर्चाने भागलेले असते.

एका प्रदेशाची दुसऱ्याशी तुलना करून काढलेला गुणक तर वेगळीच वस्तू आहे. नाकामुरा आणि स्टाइन्सन यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांत लष्करी खरेदी कमी-जास्त झाल्याचा परिणाम मोजला, गुणक सुमारे १.५ आला. पण एका राज्याला कंत्राट मिळाले म्हणून मध्यवर्ती बँक दर वाढवत नाही, आणि बिल सगळा देश भरतो. हा १.५ ‘या राज्याचे त्या राज्यापेक्षा किती भले झाले’ याचे उत्तर आहे. ‘देशाचे किती झाले’ याचे उत्तर त्यातून सरळ मिळत नाही.

सरकारी खरेदीवरच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेताना रेमी यांनी राष्ट्रीय पातळीवरचे सरासरी गुणक ०.६ ते १ या पट्ट्यात पडतात असे नोंदवले. करांबद्दल चित्र उलटे: क्रिस्टिना आणि डेव्हिड रोमर या अर्थतज्ज्ञ दांपत्याने २०१० मध्ये काढले की जीडीपीच्या १ टक्क्याएवढी करवाढ उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी खाली आणते. वरच्या फेऱ्यांच्या गणितानुसार कराचा परिणाम खर्चापेक्षा लहान यायला हवा होता. करदराने काम करण्याची आणि गुंतवणूक करण्याची इच्छाही बदलते, आणि ते फेऱ्यांच्या गणितात कुठेच नाही, हे त्याचे एक स्पष्टीकरण.

कागदावरचा खर्च आणि बाजारातला खर्च

तरतूद झाली म्हणजे खर्च झाला नाही. मंजुरी, आराखडा, भूसंपादन, टेंडर, कार्यादेश, काम, मोजमाप, बिल, आणि मग पैसा: मोठ्या बांधकामात या साखळीला दोन-तीन वर्षे सहज लागतात. मंदी एवढी थांबत नाही. पैसा बाजारात पोचतो तेव्हा अर्थव्यवस्था सावरलेली असते आणि जो खर्च मंदीवर औषध म्हणून मंजूर झाला तो तेजीत तेल ओततो. दुरुस्ती, देखभाल, अर्धवट राहिलेली कामे यांची साखळी छोटी असते. त्यांच्यावर फीत कापता येत नाही, ही त्यांची एकमेव अडचण.

दुसरी अडचण अदलाबदलीची. वरच्या सरकारने खालच्या सरकारला शाळांसाठी ५० कोटी दिले आणि खालच्याने शाळांवर आधीच ठरलेले स्वतःचे ४० कोटी काढून तूट भरायला वापरले, तर शाळांवरची वाढ १० कोटींचीच झाली. कागदावर ५० दिसतात. अशीच गत थकबाकीची: जुनी बिले चुकवली तर कंत्राटदार तो पैसा आधी बँकेचे कर्ज फेडायला वापरतो. त्यानेही पुढचे दिवाळे टळते, पण नव्या फेऱ्या लगेच सुरू होत नाहीत.

पायाभूत कामांना मात्र एक जादा इंजिन असते. बांधताना मागणी वाढते आणि बांधून झाल्यावर इतरांची उत्पादनक्षमता वाढते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१४ मध्ये प्रगत देशांसाठी काढलेला अंदाज असा: जीडीपीच्या १ टक्क्याएवढी सार्वजनिक गुंतवणूक अनपेक्षितपणे वाढली, तर उत्पादन त्याच वर्षी सुमारे ०.४ टक्क्याने आणि चार वर्षांनी १.५ टक्क्याने वर असते. अट एकच, बांधलेले वापरात यायला हवे. दोन्ही बाजूंना रस्ता नसलेला पूल बांधताना तेवढीच मजुरी वाटतो, आणि नंतर काहीच देत नाही.

खर्च स्वतःचे पैसे स्वतः भरतो का?

हा दावा कागद-पेन्सिलीने तपासता येतो. गुणकाला वाढीव उत्पन्नावरच्या कराच्या वाट्याने गुणा. आपल्या उदाहरणात १.९२ गुणिले ०.२ म्हणजे ०.३८; शंभरातले ३८ तिजोरीत परत आले, ६२ चे कर्ज झाले. पूर्ण वसुलीसाठी गुणक ५ लागेल. कराचा वाटा ४० टक्के असलेल्या देशातही २.५ लागेल. तेव्हा अल्पकाळात पूर्ण वसुली होते असे कुणी म्हणाले, तर त्याने कोणता गुणक आणि कोणता करदर धरला ते विचारावे.

हेच गणित उलट चालवले की काटकसरीचा हिशेब निघतो. जीडीपी १००, कर्ज १२०, वाढीव उत्पन्नातला कराचा वाटा ४० टक्के असे धरा, आणि सरकारने खर्च १ ने कापला. गुणक ०.५ असेल तर जीडीपी ९९.५ होते, बुडालेला कर ०.२, म्हणून कर्ज ०.८ ने घटून ११९.२. कर्जाचे जीडीपीशी प्रमाण १२० वरून ११९.८ टक्क्यांवर येते. थोडे का होईना, उतरते. गुणक १.५ असेल तर जीडीपी ९८.५, बुडालेला कर ०.६, कर्ज ११९.६, आणि प्रमाण १२१.४ टक्के. कर्ज कमी करायला कापले आणि कर्जाचे ओझे वाढले. या आकड्यांत पारडे ०.६२५ च्या गुणकावर फिरते: १ भागिले (कराचा वाटा अधिक कर्जाचे प्रमाण).

युरोपात २०१० नंतर हा फरक कागदावर राहिला नाही. नाणेनिधीने ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात मान्य केले की मंदीच्या सुरुवातीपासून अंदाज बांधताना गृहीत धरलेला गुणक सुमारे ०.५ होता आणि प्रत्यक्षातला ०.९ ते १.७ च्या दरम्यान असावा. व्याजदर तळाला होते, शेजारचे देशही एकाच वेळी कापत होते, आणि सामायिक चलन असल्याने एकट्या देशाला चलन घसरवून निर्यात वाढवण्याची सोय नव्हती. गुणक मोठा होण्याच्या बहुतेक अटी एकत्र जमल्या होत्या. ग्रीसचे उत्पादन २००८ ते २०१३ या काळात सुमारे चौथ्या भागाने घटले.